पाच ते सहा

सोमवार, १ जुलै १९३५

स्कूल बोर्डाचं परिपत्रक आज आलं. शाळा सुटल्यावर मुलींसाठी पाच ते सहा असा एक जादा तास सुरू करायचा आहे. परीक्षेचा विषय नको, मुलींच्या अंगचे गुण वाढतील असं काहीतरी शिकवावं, म्हणे. शिक्षिकेनं आपण होऊन पुढं यावं, मोबदला नाही. एवढं वाचल्याबरोबर आमच्या खोलीत सगळ्यांना एकदम घरची कामं आठवली. कोणाचं मूल लहान, कोणाच्या सासूबाई दारात उभ्या. मी हात वर केला.

सुपरवायझर वेणीमाधवराव म्हणाले, "मालतीबाई, विणकाम घ्या. बोर्डाला आवडेल." आमची शाळा साखर पेठेच्या तोंडाशी. बहुतेक मुली तेलुगू विणकरांच्या, घरोघर हातमाग. त्यांच्या हातात मी लोकरीच्या दोन सुया देऊन विणकाम शिकवायचं! मी म्हटलं, नकाशा शिकवीन. आपल्या गल्लीचा नकाशा, पावलं मोजून. ते हसले. "मुलींना नकाशे कशाला? त्या कुठं जाणार आहेत?" निदान आपण आहोत कुठं ते तरी त्यांना कळेल, असं चोख उत्तर मला सुचलं, पण ते खोलीवर आल्यावर. तिथं मी नुसती मान हलवली.

खरं कारण इथं लिहायला हरकत नाही. शाळा पाचला सुटते आणि सव्वापाचला मी खोलीचं कुलूप काढते. त्यानंतर दुसऱ्या दिवशी अकरापर्यंत माझ्याशी बोलायला कोणी नसतं. खालच्या मालकीणबाई नळाला पाणी आलं की "आलं हो" म्हणून हाक मारतात, तेवढंच. दहाव्या वर्षी लग्न झालं, तेराव्या वर्षी संपलं. ज्याच्याशी झालं त्याचा चेहरासुद्धा आठवत नाही. आईवडील गेले. धाकटा भाऊ चिंतामणी करकंबला असतो, त्याला त्याचा संसार आहे. माझं वय छत्तीस. एक तास म्हणजे एक तास.

बोर्डाची अट अशी: सोमवार ते शुक्रवार रोज निदान बारा मुली हजर पाहिजेत. नोव्हेंबरात तपासणी, मग तास कायम करायचा की बंद ते ठरणार.

शुक्रवार, ५ जुलै

पहिला तास. पटावर छत्तीस नावं! सहा मुली कारकून आणि वकिलांच्या घरच्या, तीस विणकरांच्या. एवढ्या मुली पाहून माझा आवाज जरा चिरकला.

अट मी स्पष्ट सांगून टाकली. रोज बाराजणी दिसल्याच पाहिजेत, नाहीतर तास बंद. पुढच्या बाकावरची पोशव्वा उभी राहिली. चौथीतली, काटकुळी, पण उत्तर द्यायच्या आधी बाकीच्या पोरी हिच्याकडं बघतात. "बारा म्हंजे बाराच का, बाई? तेरा आल्या तर?"

"तेरा आल्या तर दुधात साखर. पण बारा हव्यातच."

"व्हय," म्हणाली आणि बोटांवर काहीतरी मोजत खाली बसली.

सोमवार, १५ जुलै

पहिल्या दिवशी छत्तीस होत्या, त्यानंतर रोज बारा. तेरा नाहीत, अकरा नाहीत. सहा कारकुनांच्या मुली रोज असतात. उरलेले चेहरे मात्र बदलतात. नरसव्वा म्हणून एक आहे, ती गेल्या मंगळवारी आली ती अजून फिरकली नाही. पोशव्वा सोमवारची. आठवडी बाजाराला आल्यासारख्या येतात.

एक नवल वाटतं. काल-परवा न आलेलीला प्रश्न विचारावा तर तिला उत्तर येतं. उत्तर दिशा कुठली, विहिरीची खूण कशी करायची, सगळं बरोबर. कोणाकडून तरी ऐकत असतील. पोरी हुशार आहेत, पण नेम म्हणून नाही.

भिंतीवर मोठा खाकी कागद डकवलाय. साखर पेठेतली यांची गल्ली त्यावर उतरायची आहे. आज तिच्या दोन्ही तोंडांच्या खुणा झाल्या. सहा कधी वाजले कळलंच नाही. शिपाई रुद्रप्पा किल्ल्या वाजवत दारात आला तेव्हा मला चक्क त्याचा राग आला.

मंगळवार, ३० जुलै

आज रागावले. पोशव्वाच्या घराची रुंदी काल वहीत चौदा पावलं होती, आज सतरा. त्याच घराची! वही एकच, अक्षर मात्र दोन तऱ्हांचं. मी विचारलं, हे कोणी लिहिलं? नरसव्वा म्हणाली, "पाय ल्हान हायेत की, बाई." कोणाचे पाय, हे काही सांगेना. मी तिला उभी केली आणि दुसऱ्यांच्या वहीत लिहिणं ही चोरी असते, यावर पाच मिनिटं बोलले.

बोलताना बरं वाटलं, मग वाटलं नाही. तिच्या बोटांवर सुताचे वळ होते. खोलीवर येऊन मी माझ्याच खोलीची रुंदी मोजली. सहा पावलं.

बुधवार, १४ ऑगस्ट

नारळी पौर्णिमा. विणकरांचा मार्कंडेयाचा सण, शाळेला सुटी. सुटीचा दिवस मला फार मोठा पडतो. दुपारी चारला वही घेऊन गल्लीत गेले. कारण काय, तर नकाशा ताडून बघायचा. खरं कारण मी वर एकदा लिहिलंच आहे.

पेठेत एरवी मागांची खडखड एवढी असते की शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही. आज सगळं शांत. पोशव्वाची आजी काशम्मा ओट्यावर बसली होती; गल्लीतल्या सगळ्या पोरी तिला अव्वा म्हणतात. साठीची बाई, आवाज हवालदाराचा. शेजारी रहाट, त्याला हळदकुंकू लावलेलं. धोट्यात घालायच्या सुताच्या कांड्या या रहाटावर भरतात. पुरुष माग चालवतात आणि घरातल्या पोरीबाळी दिवसभर कांड्या भरतात. कांडी संपली की माग थांबला. एवढं मला माहीत आहे.

"या, बसा की, बाई," काशम्मा म्हणाली. "बारा येत्यात न्हवं रोज?"

"येतात," मी म्हटलं.

"मग झालं तर."

तिनं पुन्हा बसा म्हटलं. मी म्हटलं, घाई आहे. कसली घाई होती मला? येताना दोनदा मागं वळून पाहिलं. पुन्हा बोलावलं असतं तर बसले असते.

गुरुवार, १२ सप्टेंबर

वेणीमाधवराव आज अचानक वर्गात. नकाशा पाहून "वा" म्हणाले, आणि लगेच हजेरीपट मागितला. बराच वेळ पानं उलटली.

"मालतीबाई, पटावर छत्तीस आणि हजर बारा? शेकडा तेहतीस. निम्म्याहून जास्त पटावर नुसत्या गैरहजेरीच्या फुल्या. तपासणीला साहेबांसमोर हा पट मांडणार तुम्ही?"

मी म्हटलं, अट बाराची आहे.

"अट बाराची आहे, पण अब्रू पटाची आहे. येत नाहीत त्यांची नावं कमी करा. पट स्वच्छ असला की काम स्वच्छ दिसतं."

मला लाज वाटली. बारा वर्षं नोकरी केली, माझ्या पटावर आजवर कोणी बोट ठेवलं नव्हतं. आणि ठेवलं ते या पोरींमुळं, ज्यांच्यासाठी मी फुकट राबते.

सोमवार, १६ सप्टेंबर

नियम सांगितला. आठवड्यातून चार दिवस जी येणार नाही, तिचं नाव आजपासून कमी. पट काढून एकेक नाव वाचलं आणि तांबड्या शाईनं रेघ मारली. तीस रेघा. पोशव्वाचं नाव आलं तेव्हा ती उभी राहिली.

"बाई, म्या न्हाय आले तर लक्षुमव्वा यील. ती न्हाय आली तर नरसव्वा. चालंल न्हवं?"

मी म्हटलं, "ही काय गिरणी आहे, एकीच्या जागी दुसरी बदली यायला? इथं ज्याचं नाव त्यानंच यायचं."

मुली खो-खो हसल्या, ती हसली नाही. पाटी-दप्तर उचलून गेली. तिच्यामागून आणखी पाचजणी गेल्या. मी म्हटलं, दोन दिवसांत ताळ्यावर येतील.

बुधवार, १८ सप्टेंबर

सहा मुली. पट स्वच्छ आहे.

नावं कमी केलेल्या काही पोरी फाटकाशी उभ्या होत्या. मोजल्या, सहाच होत्या. आत येऊ का, म्हणून रुद्रप्पाबरोबर निरोप आला. घ्यावं असं वाटलं, पण आज आत घेतलं तर नियमाला कोण विचारील? रुद्रप्पाला म्हटलं, घरी पाठव. तो आपल्या कानडी हेलात म्हणाला, "लहान पोरी हैत, बाई." मी ऐकलं नाही.

या सहाजणी दुसऱ्या पेठांतल्या. त्यांना ती गल्ली ठाऊक नाही. नकाशा होता तिथंच राहिला.

शनिवार, २६ ऑक्टोबर

दिवाळी. चिंतामणीचं पत्र: भावजयीच्या माहेरची सगळी मंडळी आली आहेत, जागेची अडचण, तू नाताळात ये. मी लिहिलं, मलाही शाळेचं काम आहे. ताटभर फराळ मालकीणबाईंनी वर पाठवला. तो एकदम संपवू नये म्हणून मी मोजून खाते आहे. एकटीनं करंजी खाताना केवढा आवाज होतो!

सोमवार, ११ नोव्हेंबर

तपासणी झाली. साहेब आले, वेणीमाधवराव आले. पट पाहिला. शेकडा शंभर हजेरी! वेणीमाधवराव माझ्याकडं बघून हसले. मग साहेबांनी समोरच्या मुली मोजल्या.

"सहा? परिपत्रकात बारा आहेत."

वेणीमाधवरावांनी पुन्हा पट पाहिला, जणू त्यात आणखी सहा सापडणार होत्या. साहेबांनी विचारलं, हा नकाशा अर्धाच का? मी म्हटलं, मुली येईनात.

हे बोलून गेले आणि माझं मलाच खोटं वाटलं. कुठं खोटं होतं ते कळलं नाही.

शुक्रवार, २२ नोव्हेंबर

हुकूम आला. पुरेशा हजेरीअभावी जादा तास बंद. खाली तीन सह्या.

सव्वापाचला कुलूप काढलं. कंदील लावायलाही लवकर होतं आणि काही करायलाही उशीर झाला होता. बसून राहिले.

बुधवार, २७ नोव्हेंबर

तास बंद झाला तरी मी पाच ते सहा वर्गातच बसते. रुद्रप्पाला सांगितलंय, वह्या तपासायच्या आहेत. वह्या केव्हाच तपासून झाल्यात.

आज काशम्मा आली. सरळ वर्गात, पदर खोचलेला, हाताला सूत चिकटलेलं. रिकाम्या बाकांकडं एकदा पाहिलं नि माझ्यासमोर उभी राहिली.

"बाई, तास बंद झाला म्हनं?"

"हो. बारा मुली नव्हत्या."

"नव्हत्या कशा? म्या मोजून बारा दिल्या की!"

मला कळेना. ती खाली फरशीवर बसली आणि बोटं मोडून सांगू लागली. "तुमच्या लोकांच्या सहा पोरी रोज येत्यात. म्हंजे आमच्या सहा लागल्या. एका घरातनं रोज पोरगी उठली तर कांड्या कोन भरनार? माग थांबतोय. मग म्या वार लावून दिले. पाच वार, तीस पोरी. सोमवारच्या सहा, मंगळवारच्या सहा. जिचा वार तिनं जायाचं, तिच्या कांड्या बाकीच्यांनी भरायच्या. आन् तिनं आल्यावर रहाटावर बसल्या बसल्या समद्यांला शिकवायचं. पोशव्वा आपल्या पायानं मोजायची, नरसव्वा आपल्या. तुमीच म्हनलाव, बारा पायजेत. एक दिस तरी अकरा झाल्या का?"

मी नाही म्हटलं.

"मग नावं का हो काढलाव?"

तिनं हे भांडायच्या सुरात विचारलं नाही. भांडली असती तर बरं झालं असतं. चौदा पावलं आणि सतरा पावलं, वहीतली दोन अक्षरं, न आलेलीला येणारं उत्तर, फाटकाशी उभ्या राहिलेल्या सहाजणी, सगळं माझ्या डोळ्यांसमोर होतं आणि मी पट स्वच्छ करत बसले होते. चोरी म्हटलं मी त्याला.

आणि हे मला न कळावं? चिंतामणी इथं हायस्कुलात होता तेव्हा सात घरी सात वार लावून जेवला. कुठला वार कोणाकडं, ती यादी मी माझ्या हातानं लिहून त्याला दिली होती. आपल्या भावाचे वार ते वार, आणि या पोरींच्या नुसत्या फुल्या.

मी म्हटलं, "काशम्मा, माझं चुकलं."

ती उठली, हात झटकले. दारात थांबून म्हणाली, "सहा वाजेपतुर एकल्याच बसताव? घरी कोन वाट बघतंय?"

"कोणी नाही," मी म्हटलं. हे मी आजवर कोणाला असं सांगितलं नव्हतं.

"हां," म्हणाली आणि गेली.

शुक्रवार, २९ नोव्हेंबर

वेणीमाधवरावांना सगळं सांगून आले. तास पुन्हा द्या, पट मी पुन्हा लिहिते. ते म्हणाले, "हुकूम झालाय, मालतीबाई. आणि वार लावून येणाऱ्या मुली पटावर दाखवायच्या कुठल्या रकान्यात?" मला उत्तर सुचलं नाही. या वेळी खोलीवर आल्यावरही सुचलं नाही.

गुरुवार, ५ डिसेंबर

सोमवारी पाच वाजता मी वर्गात बसले होते, तर पोशव्वा येऊन पुढच्या बाकावर बसली. मी म्हटलं, तास बंद झाला बाळ. म्हणाली, "ठावं हाय." सहापर्यंत बसली, गुंतलेल्या सुताचा एक गोळा सोडवत. मंगळवारी नरसव्वा. तिची मी माफी मागितली. ती लाजून भिंतीकडं बघत राहिली, मग म्हणाली, "आता माजे पाय मोठे झाल्यात, बाई. सोळा पावलं हुत्यात." काल एक धाकटी, बालम्मा नावाची. आज लक्षुमव्वा.

तास पुन्हा सुरू होईल असं त्यांना वाटत असावं. मी दर खेपेला सांगते की होणार नाही. मान हलवतात आणि बसून राहतात. घरी कामं पडली असतील, बोलणी बसत असतील. उद्यापासून मी वर्गात थांबू नये हे बरं, म्हणजे पोरींना खोटी आशा लागायची नाही. पण पाचला पाय निघत नाही, हेही खरं.

शनिवार, ७ डिसेंबर

काल मी थांबले, आणि एक आलीच. आज सकाळची शाळा, त्यामुळं अकराला सुटले. फाटकात रेणुकव्वा म्हणून तिसरीतली एक मुलगी उभी होती. तिनं माझ्या हातातल्या वह्या घेतल्या आणि बरोबर चालू लागली. मी म्हटलं, तुझं घर मागं राहिलं. ऐकेना. वाटभर ओठांतल्या ओठांत काहीतरी पुटपुटत होती. मी काही विचारलं की हात वर करून मला गप्प करायची. मला! खोलीच्या दारापर्यंत आली, उंबऱ्याला पाय लावला आणि पळत गेली.

उद्या रविवार. रविवारचं काय करायचं हे मला इतक्या वर्षांत कळलेलं नाही.

रविवार, ८ डिसेंबर

पाच वाजता दार वाजलं. मालकीणबाई असतील म्हणून मी पदर सारखा करत उठले. दारात एक मुलगी. हिचं नाव मला आठवेना. तीस रेघांतलीच एक. काखेत खाकी कागदाची गुंडाळी, हातात सुताची लड.

"कोण गं तू?"

"मल्लव्वा. रविवार माजा हाय."

तिनं आत येऊन फरशीवर कागद पसरला. गल्लीचा नकाशा होता. आमच्या वर्गातला नव्हे, घरी दुसरा केला होता. पूर्ण. एकेक घर, विहीर, देऊळ. डाव्या बाजूला कागद संपला म्हणून आणखी एक पट्टी खळीनं चिकटवली होती. त्या पट्टीवर शाळा, शाळेपासून निघालेली एक रेघ, आणि रेघेच्या टोकाला एक चौकोन. त्यावर आकडा: सातशे चाळीस पावलं. खाली लिहिलं होतं, रेणुकव्वाच्या पायाची.

"हे तुमचं घर," मल्लव्वा म्हणाली. "काल मोजलं."

मी विचारलं, हे कोणी सांगितलं तुम्हांला? सोमवारपासून रोज एकजण येतेय ते कोणी सांगितलं?

"अव्वानं वार लावून दिले की. सात वार, सातजणी."

"पण तास तर बंद झाला, मल्लव्वा. आता बारा मुलींचं काही काम नाही."

"वर्गाला बारा लागत्यात," ती म्हणाली, काशम्मानं पाठ करून घेतल्यासारखी. "बाईला एक बास, म्हनली अव्वा."

मला रडू आलं. आवरलं नाही, आवरलंही नसतं. मल्लव्वानं लड माझ्या दोन्ही हातांत अडकवली, हात लांब धरायला सांगितले, आणि समोर बसून सूत सोडवू लागली. हात हलवू नका म्हणाली. मी नाही हलवले. सहा वाजले तेव्हा लड अर्धी झाली होती. राहिलेली तिनं इथंच ठेवली. उद्या पोशव्वा येणार आहे, ती पुरी करील म्हणाली.